माहेरी कळवलेलं वादळ

थोरलीला खोटं बोलणं जमत नसे. अपवाद एकच, माहेरचा फोन. तिथे मात्र ती सराईत होती. परदेशात येऊन तिला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत माहेरच्या फोनवर तिला स्वतःला कधी साधा तापही आला नव्हता. तिच्या लेकीला, आठ वर्षांच्या ठकीला, दमा तर कधी झालाच नव्हता. "थोडी सर्दी आहे हो, हवा मानवत नाही," यापलीकडे आजोबांना काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ती सर्दीच चालली होती.

यात तिच्या एकटीचा दोष नाही, ते घरच तसं. अप्पांची, म्हणजे वडिलांची, बायपास झाली तेव्हा धाकट्या भावाने ही बातमी तिला आठ दिवसांनी कळवली आणि तीही "आता हिंडायला लागलेत, काही नाही" अशी गुळात घोळून. त्यानंतर घरात एकच कायदा होता, अप्पांच्या कानावर वाईट काही जाता कामा नये. गंमत म्हणजे अप्पांचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून देण्यात गेलेला. अख्ख्या जिल्ह्याची जन्ममृत्यूची खबर ज्या माणसाच्या हातून गेली, त्याच्यापुढे आता मुलं हवापाण्याच्या गप्पा मारत.

तर वादळाच्या आदल्या दिवशी दुपारी थोरलीने व्हिडिओ कॉल लावला. नवरा सकाळीच दोन दिवसांचे कपडे घेऊन गेला होता. तो पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात शिफ्ट इंजिनिअर होता आणि वादळात पंपांपाशी थांबायच्या बारा जणांत त्याचं नाव होतं. केंद्र टेकडीवर, भिंती हातभर जाड, त्यामुळे त्याची काळजी तिने बाजूला ठेवली होती. घरच्यांना त्याच्या कंपनीच्या शेल्टरमध्ये हलवायला संध्याकाळी गाड्या येणार होत्या. बॅगा दाराशी भरून ठेवल्या होत्या.

"काय गं थोरले, वादळाचं फार दाखवतायत इथे टीव्हीवर," अप्पा म्हणाले. मागे धाकटा उभा होता आणि डोळ्यांनी खुणावत होता.

"टीव्हीवाल्यांना काय, अप्पा! आम्हाला शेल्टरमध्ये हलवलंसुद्धा. पक्कं सिमेंटचं आहे, जेवणखाण, डॉक्टर, सगळं आहे." हे म्हणताना तिने फोन असा धरला होता की मागे फक्त कोरी भिंत दिसावी. चार तासांनी जे होणारच आहे ते झालं म्हटलं तर बिघडलं कुठे, असा तिचा हिशेब. बाजूला गृहपाठ करत बसलेल्या ठकीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी गाड्या आल्या नाहीत. पाणी चढलं म्हणून पूल बंद केला होता. दिवे गेले, त्यापाठोपाठ फोनची रेंजही गेली. माहेरी मात्र थोरली शेल्टरमध्ये पोचून निवांत झोपली होती.

वादळ उजाडताना आलं. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, खिडक्या मोठाल्या. घर बघायला आली तेव्हा याच खिडक्यांवर ती भाळली होती, आता त्यांनाच शिव्या देत होती. बिनखिडकीची खोली म्हणजे एक न्हाणीघर. तिने ठकीला तिथे गादीवर बसवलं, दुसरी गादी दाराला लावली आणि पाठ दाराला, पाय समोरच्या भिंतीला टेकून बसली. वाऱ्याचा आवाज तिने मनात धरला होता त्यापेक्षा फार जाड होता. दार पाठीमागे धडधडत होतं, कडीचे स्क्रू सुटत चालले होते आणि दर झोताबरोबर कानांत दडे बसत होते. आतल्या खोलीतली काच फुटली तो आवाज तिला कळला. त्यानंतर जे फुटत होतं ते काय आहे हे ओळखायचा नाद तिने सोडला.

"ठके, श्वास बरा आहे ना?"

"हो."

अंधारात पंपाचा फुस्स आवाज झाला. दम्याचा तो छोटा निळा पंप ठकीच्या मुठीत होता. थोड्या वेळाने पुन्हा फुस्स झालं.

"पंपात औषध आहे ना गं पुरेसं?"

"पुष्कळ आहे."

साडेदहाच्या सुमाराला वारा एकदम थांबला. नवऱ्याने बजावून ठेवलं होतं की हा मधला पोकळ भाग, अर्धंच झालंय, बाहेर पडायचं नाही. तरी ती पडली. जास्तीचा पंप आतल्या कपाटात होता. दार ढकललं तर खोलीला समोरची भिंतच नव्हती, नुसतं आभाळ होतं, आणि कपाट होतं तिथे ओली फरशी होती. ती खाली वाकून बघत होती, कपाट दिसतंय का म्हणून, आणि तेवढ्यात मागून ठकी ओरडली. वारा उलट्या बाजूने यायला लागला होता. ती धावत न्हाणीघरात शिरली आणि दार लावायला तिला या वेळी दोन्ही पायांचा जोर लागला.

दुपारी तीनला सगळं शांत झालं. मायलेकी जिवंत होत्या, न्हाणीघर शाबूत होतं, आणि मातीच्या पाण्याने रस्त्याची नदी झाली होती.

दुसरा दिवस पाणी ओसरायची वाट बघण्यात गेला. पलीकडच्या दारात एक म्हातारी शिंपीण राहायची, ती थोरलीसारखीच परक्या देशातून आलेली. तिने आपलं पिण्याचं पाणी वाटून दिलं आणि यांनी बिस्किटं दिली. ठकी फार शहाण्यासारखी वागली. पळापळ नाही, हट्ट नाही, खिडकीशी बसून राहिली. "किती गुणाची पोर," असं थोरली शिंपिणीला कौतुकाने म्हणालीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक आला, माणसाच्या उंचीच्या चाकांचा. समोरच्या इमारतीशी थांबला आणि तिथल्या चार घरांना उचलून यांच्या फाटकासमोरून सरळ पुढे निघाला. थोरली चार जिने कशी उतरली तिचं तिला ठाऊक. मांडीभर पाण्यात उभी राहून ती दोन्ही हात हलवत ओरडली तेव्हा कुठे तो थांबला. पुढे बसलेल्या माणसाच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेली यादी होती.

"तुम्ही इथे कशा?" यादीवाला चक्रावला. "तुमच्या नावावर तर काट मारलीय. तुमच्या घरी फोन केला होता ऑफिसने, संपर्काला भावाचा नंबर दिलाय तुम्ही. ते म्हणाले, बहीण शेल्टरमध्ये आहे, आमचं बोलणं झालंय."

धाकटा खरं तेच बोलला होता. बिचाऱ्याला जे सांगितलं तेच त्याने पुढे सांगितलं.

"हे बघा बाई," यादीवाला म्हणाला, "दोन जागा शिल्लक आहेत आणि पुढच्या गल्लीत एक बाळंतपणाला टेकलेली बाई आहे, तिचा नवरा आहे. तुमच्याकडे कुणी आजारी असेल तर आत्ता सांगा, त्यांची काहीतरी सोय बघतो. नसेल तर पुढच्या फेरीला थांबा. पण फेरी कधी ते मला नाही सांगता येणार. वायरलेस बंद आहे, यादी वरून येईल तशी गाडी निघते."

ठकी तिच्या मागोमाग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत उतरली होती. थोरलीने वळून विचारलं, "ठके, दम लागतोय का गं? खरं सांग."

ठकी कठड्याला धरून उभी होती. तिने मान हलवली. "नाही. मी ठीक आहे."

"पंप?"

तिने पंप वर करून दाखवला आणि हसली. काय सुंदर हसली! थोरलीला हायसं वाटलं, आणि बाळंतपणाला टेकलेल्या बाईची जागा आपण घेतली नाही याचं थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा. "आम्ही थांबतो," ती म्हणाली. ट्रक गेला.

जिने चढताना ठकी दुसऱ्या मजल्यावर थांबली, मग अर्ध्या जिन्यात थांबली, मग दर तिसऱ्या पायरीवर थांबायला लागली. वर आल्यावर खुर्चीच्या कडेला, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसली. खांदे कानांपर्यंत जात होते. गळ्याच्या खळग्यातली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती.

थोरलीने तिच्या मुठीतून पंप काढून घेतला. त्याच्या पाठीला एक बारीक खिडकी असते, किती मात्रा उरल्या त्याचा आकडा दाखवणारी. तिथे शून्य होतं. थोरली दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मेणाच्या हिरडीतला केसाएवढा उंचवटा तिच्या बोटाला न बघता कळायचा. आणि तीन दिवस पोरीच्या हातातला हा आकडा तिने वळवून पाहिला नव्हता.

"कधी संपला?"

"पर... वा."

"परवा? आणि मघाशी तो माणूस विचारत होता, मी विचारत होते..."

"तू... घाबरतेस." ठकीने दम घेतला. "आजोबांना... आपण... सांगत नाही. तसंच."

थोरलीला तिला एक लावून द्यावीशी वाटली आणि घट्ट कवटाळावंसंही वाटलं. दोन्हींचा उपयोग नव्हता. तिने ठकीला ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या, शिंपिणीला हाक मारली. वाफेनं औषध देणारं मशीन टेबलावर होतं, चांगलं, कोरडं आणि विजेवाचून निरुपयोगी. हॉस्पिटल पुलापलीकडे होतं आणि पुलाजवळ छातीभर पाणी ओढ घेत होतं.

"शाळेत फोन आलाय म्हणे," शिंपीण म्हणाली. "सॅटेलाइटचा. माणशी एक मिनिट. तू जा, मी हिला सोडून हलत नाही."

शाळा उंचावर, पाऊण मैल. थोरली गाळातून, तारा चुकवत निघाली. वाटेत तिचा कारखाना लागला. शटर कागदासारखं चुरगळून आत गेलं होतं, प्लास्टरची पोती भिजून दगड झाली होती, आणि लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे दारापासून गटारापर्यंत चिखलात दात विचकून पडले होते. एरवी ती थांबली असती. या वेळी तिने त्यांतल्या एकावर पाय देऊन डबकं ओलांडलं.

चालता चालता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कंपनीचा नंबर मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल मघाशी ट्रक थांबवताना पाण्यात भिजून मेला होता. नवऱ्याचा नंबर, धाकट्याचा नंबर, सगळे त्याच्या पोटात. तिला तोंडपाठ असलेला या जगातला एकुलता एक नंबर म्हणजे माहेरच्या घरचा जुना फोन, जो अप्पांनी हट्टाने काढू दिला नव्हता.

शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसांची रांग होती. थोरली शेवटी जाऊन उभी राहिली, कारण आयुष्यभर ती रांगेत शेवटीच उभी राहत आली होती. तिच्या पुढची बाई वळून म्हणाली, "तुमचं सगळं ठीक ना?"

"हो, ठी..." इतकं तोंडातून निघालं आणि तिने दात आवळले. मग ती अशी ओरडली की व्हरांड्यातले सगळे वळले. "माझ्या मुलीला श्वास घेता येत नाहीये! औषध संपलंय!"

तिला वाटलं होतं लोक कुरकुर करतील. तसं झालं नाही. रांग बाजूला सरली आणि कुणीतरी तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं.

फोनवाला मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून बसला होता. "एक मिनिट. उचलला की सुरू."

घंटा वाजायला लागली. धाकटा उचलू दे, थोरली मनातल्या मनात विनवत होती, धाकटा, त्याची बायको, कुणीही, फक्त अप्पा नको. सहा घंटा झाल्या.

"हॅलो," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी."

आवाज जाऊन यायला वेळ लागत होता. "थोरले! अगं, शेल्टरमध्ये लागला वाटतं फोन. बरे आहात ना सगळे?"

"हो अप्पा, आम्ही अगदी..." जीभ आपली आपण चालली होती, सहा वर्षांच्या सवयीने. फोनवाल्याने बोटांनी दाखवलं, पंधरा सेकंद गेली. थोरलीने डोळे मिटले.

"नाही अप्पा. आम्ही ठीक नाही. शेल्टरमध्ये नाहीच गेलो आम्ही. मी खोटं बोलले. ठकीला दमा आहे, तीन वर्षं आहे. औषध संपलंय आणि तिला श्वास लागलाय."

फोनमध्ये नुसती खरखर. शिवलेली छाती, त्यावरचा लांबलचक व्रण, रोज सकाळच्या सात गोळ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. एकाला वाचवायला दुसऱ्याला मारलं मी, असं तिला स्वच्छ वाटलं.

"पत्ता बोल," अप्पा म्हणाले. आवाज सपाट होता, घाईचा नव्हता आणि घरातलाही नव्हता. हा आवाज तिने लहानपणी डबा द्यायला गेल्यावर एक्स्चेंजच्या खिडकीतून ऐकला होता. "सावकाश. लिहून घेतोय."

तिने इमारत सांगितली, मजला सांगितला, डावीकडचं दार सांगितलं. अप्पांनी प्रत्येक गोष्ट एकदा उलट म्हणून घेतली.

"बोलता येतंय तिला?"

"दोन-दोन शब्द."

"ओठ?"

"निळे नाहीत. अजून तरी."

"गाडी कुणाची येते?"

"कंपनीची. माझं नाव काटलंय यादीवरून. धाकट्याकडे नंबर आहे त्यांचा."

"नाव चढवून घेतो. तू फोन ठेव आणि पोरीपाशी जाऊन बस." आणि त्यांनीच फोन ठेवला. मिनिट संपायला अजून पाच सेकंद होती.

घरी परतली तेव्हा ठकी बोलायची थांबली होती. शिंपीण तिच्यासमोर बसून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडून दाखवत होती आणि ठकी तिच्या तोंडाकडे बघत तसंच करत होती. थोरली तिसरी जाऊन बसली. तिघी बायका दुपारभर अदृश्य मेणबत्त्या विझवत बसल्या. मध्येच ठकीची मान कलायची, थोरली गालावर चापट मारायची, "डोळे उघड, ठके, माझ्याकडे बघ." दीड तास झाला. दोन झाले. तिच्या नखांचा रंग थोरली खिडकीच्या उजेडात नेऊन बघत होती आणि दर वेळी तो मघापेक्षा वाईट आहे की तिला भास होतोय हे ठरवता येत नव्हतं.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा ती उठलीसुद्धा नाही. जिन्यात धाडधाड बूट वाजले आणि दारात तोच यादीवाला उभा राहिला, धापा टाकत, हातातला कागद वाचत. "चौथा मजला, डावीकडचं दार, मुलगी वय आठ, दमा, औषध संपलेलं, दोन शब्दांवर बोलत नाही." त्याने ठकीला उचललंच. जिना उतरता उतरता म्हणाला, "कोण आहेत हो ते तुमच्याकडचे म्हातारे? आमच्या ऑफिसातल्या माणसाकडून त्यांनी हे तीनदा परत वाचून घेतलं म्हणे. दर दहा मिनिटांनी फोन, गाडी निघाली का, कुठवर गेली!"

"माझे वडील," थोरली म्हणाली.

शेल्टर म्हणजे एका मोठ्या क्रीडागृहात मांडलेल्या खाटा होत्या. खरंच सिमेंटचं होतं, खरंच डॉक्टर होती, तरुण, केस वर बांधलेली, दोन दिवस न झोपलेली. तिने ठकीच्या तोंडावर मास्क लावला, वाफ सुरू केली, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला आणि ऑक्सिजनची नळीही जोडली. थोरली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मशीनची घरघर इतकी गोड असते हे तिला ठाऊक नव्हतं. टेकडीवरून निरोप आला होता, नवरा ठीक आहे, पंप चालू आहेत. तो निरोप तिने दोनदा विचारून घेतला.

वीस मिनिटांनी डॉक्टरीण परत आली. हॉलभर माणसं कण्हत होती, तिला दहा ठिकाणी जायचं होतं. घाईघाईने मास्क वर करून तिने विचारलं, "काय गं, वाटतंय बरं? काढायचा मास्क?"

ठकीने डॉक्टरणीकडे पाहिलंच नाही. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिथून काय उत्तर हवंय ते शोधत. आणि थोरलीच्या लक्षात आलं की आपण हसतोय. तेच हसू, माहेरच्या फोनवरचं, कोऱ्या भिंतीपुढचं. तिने ते पुसून टाकलं, म्हणजे खरंच, हाताने तोंड पुसलं.

"माझ्याकडे नको बघूस," ती म्हणाली. "मला काय होईल ते होईल. तुला काय होतंय ते सांग."

ठकीने डॉक्टरणीकडे मान वळवली.

"नाही बरं वाटत," ती म्हणाली. "इथे दाटतंय. खूप. आणि मला भीती वाटतेय."

डॉक्टरीण तशीच वळली, कानांत नळ्या घातल्या, ठकीच्या पाठीला दोन्ही बाजूंनी लावून बराच वेळ ऐकत राहिली. "बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "अजून अर्धंच सुटलंय." तिने दुसरी मात्रा भरली आणि मास्क पुन्हा नीट बसवला.

तेव्हा थोरली रडायला लागली. माहेरच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जायचं असतं. ती गेली नाही. खाटेवर लेकीच्या समोर बसली, तिचा हात हातात घेतला आणि तोंड न फिरवता मोठ्याने रडली, आणि ठकी मास्कच्या आतून, लांब लांब श्वास घेत, तिच्याकडे बघत राहिली.